कर्नल टॉलिव्हर यांचा समारंभी कोट

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी कर्नल एरास्टस टॉलिव्हर आपल्या वकिली कचेरीचे कुलूप उघडत असत. त्या मंगळवारीही त्यांनी ते तसेच उघडले. हॅट डावीकडच्या खुंटीवर, काठी उजवीकडच्या. मग खिडकीचा पडदा नेमका इतका वर, की रस्त्याने जाणाऱ्याला आत बसलेले कर्नल दिसावेत आणि कर्नलना ऊन लागू नये. वर्तमानपत्र उघडून ते आधी मृत्युवार्ता वाचत, मग आपले नाव कुठे आले आहे का ते पाहत, आणि दोन्हीकडे निराशा झाली की भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत. नऊला पाच मिनिटे असताना ते स्वतःच्याच छायाचित्राखाली उभे राहून घसा साफ करीत. नऊ वाजता मी दार वाजवी, आणि ते दचकल्यासारखे करून म्हणत, "अरे, हॅस्कल, तुम्ही! या. मी जरा कामात होतो."

हे मी ओळीने सहा सकाळी पाहिले होते, कारण मी साडेआठपासून समोरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला असे. त्यांच्याकडे त्या आठवड्यात एकही पक्षकार आला नव्हता.

साल अठराशे त्र्याऐंशी. मी तेवीस वर्षांचा होतो, महाविद्यालयातून वर्षापूर्वीच बाहेर पडलो होतो आणि शिकागोच्या एका प्रकाशकाच्या नोकरीत होतो. तो प्रकाशक जिल्ह्यांचे इतिहास छापत असे. त्यात जिल्ह्यातल्या नद्या, चर्च आणि डुकरांची पैदास यांवर शंभर पाने असत, आणि उरलेल्या सहाशे पानांत ज्यांनी पुस्तकाची आगाऊ मागणी नोंदवली असेल त्या सर्व सद्गृहस्थांची चरित्रे. चरित्रनायक आपले आयुष्य सांगे, मी ते लिही, तो ते वाचून प्रत्येक पानाखाली 'बरोबर आहे' असे लिहून सही करी. सहीशिवाय एक ओळही छापायची नाही, हा आमच्या धन्याचा कडक नियम होता. पूर्वी एका चरित्रनायकाने स्वतःच सांगितलेल्या थापेबद्दल त्याच्यावर फिर्याद ठोकली होती.

इंडियाना राज्यातल्या ऑर्म्सबी जिल्ह्यात वकील, सैनिक आणि विधिमंडळाचे सदस्य असे तिन्ही एकाच अंगरख्यात असलेले कर्नल टॉलिव्हर हे एकटेच होते. वकील या नात्याने त्यांनी एका डुकराच्या मालकीचा खटला सात वर्षे लढवला होता. निकाल लागण्याआधीच डुक्कर वार्धक्याने मेले. विधिमंडळात ते दोन अधिवेशने बसले आणि त्यांनी एक विधेयक मांडले. रात्री मोकळ्या सुटलेल्या गायींच्या गळ्यात घंटा असावी, असे ते विधेयक होते. ते समितीकडे गेले, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे. कर्नल ही पदवी उत्तर-दक्षिण यादवी युद्धातली नव्हती. युद्धात ते कॅप्टन होते. पुढे राज्यपाल एका पुलाच्या उद्घाटनाला आले, तेव्हा त्यांच्या मागे घोड्यावर बसायला काही कर्नल कमी पडत होते.

"'भाग घेतला' असं लिहू नका," कर्नल म्हणाले. "भाग काय, स्वयंपाकीसुद्धा घेतात. 'दिशा दिली' लिहा."

"कशाला दिशा दिली, कर्नल?"

"अधिवेशनाला."

मी लिहिले. ते माझ्या लेखणीकडे प्रेमाने पाहत होते. ते निव्वळ ढोंगी होते असे म्हणणे सोपे आहे. पण मला त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःचा फुटवॉर्मर, म्हणजे पाय शेकायची निखाऱ्यांची पेटी, पायाखाली दिला होता, आणि सही करायला ते चष्मा शोधू लागले की त्यांचे हात थोडे थरथरत. त्या सकाळी त्यांनी मला एक गोष्ट देऊ केली, जिच्यासाठी मी वर्षभर नगरानगरांतून दारे ठोठावत हिंडलो होतो.

"तुम्ही कायदा शिकणार म्हणालात ना? मग शिकागोत काय ठेवलंय? पुस्तक झालं की इथे या. ते कोपऱ्यातलं मेज तुमचं. माझी ग्रंथसंपदा तुमची. दोन वर्षांत वकील करून बारसमोर उभा करतो तुम्हाला. तुमच्यासारखी भाषा असलेला माणूस हवाच आहे मला."

ग्रंथसंपदा म्हणजे अकरा पुस्तके होती. तरी माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्या दिवसांत वकील व्हायचे तर कुणातरी वकिलाच्या कोपऱ्यातले मेजच लागे, आणि माझ्या ओळखीचा दुसरा वकील नव्हता.

दुपारी मी हॉटेलकडे परतत असताना खोगीर-लगामांच्या दुकानाच्या दारातून एका बाईने मला हाक मारली.

"अहो पुस्तकवाले! या इकडे. मी चावत नाही. हा चावत असेल तर सांगता येत नाही, पण आज त्याचं जेवण झालंय."

ती मटिल्डा स्ट्रिकलर. आत टेबलाशी तिचा नवरा एबेन लगाम शिवत होता. पन्नाशीचा, रुंद, सावकाश बोलणारा माणूस. त्याने शिवायची आरी खाली ठेवली, हात पुसले आणि विचारले, "तुमच्या पुस्तकात पलटणीची यादी येणार आहे, असं ऐकलं."

"येणार. युद्धावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव. राजधानीतल्या सरकारी नोंदीवरून उतरवली आहे."

"शेऱ्यांसकट?"

"शेऱ्यांसकट."

यादी माझ्या पिशवीतच होती. शिकागोहून तिची प्रुफे आली होती. मी 'स' पाहिले. स्ट्रिकलर, एबेन, शिपाई, टॉलिव्हरची तुकडी. शेरा : फरारी.

मी मान वर केली तेव्हा तो माझ्याकडे नव्हे, प्रुफाकडे पाहत होता.

"अठरा वर्षं तो शब्द राजधानीतल्या एका कपाटात पडून होता," तो म्हणाला. "गावाला ठाऊक आहे, पण जुनं झालंय. आता तो प्रत्येकाच्या बैठकीत बायबलशेजारी बसणार. माझी मुलगी शाळेत शिकवते. शाळेनं दोन प्रती मागवल्यात."

"शब्द खरा आहे का?" मी विचारले. हे विचारणे उद्धटपणाचे होते, पण त्याला ते आवडले असावे.

"मडी फोर्कच्या ओढ्याशी लढाई झाली तेव्हा मी तिथे नव्हतो, हे खरं. आदल्या संध्याकाळी कॅप्टननं बोलावलं. म्हणाला, स्ट्रिकलर, माझी ट्रंक आठ मैल मागे गिरणीवर राहिलीय. परवा जनरल तपासणीला येतोय म्हणतात. त्यात माझा समारंभी कोट आहे, तो घेऊन ये. मी म्हटलं, परवाना द्या. तो म्हणाला, परवान्याची काय गरज, कॅप्टनचा शब्द पुरे. मी गेलो. पहाटे तोफा सुरू झाल्या, पूल उडाला, आणि मला वाटेत पहाऱ्यावाल्यांनी पकडलं. परवाना कुठाय? नाही. इथे काय करतोस? कोट आणतोय. हसले ते. तिसऱ्या दिवशी मला बांधून कॅप्टनसमोर उभा केला. कोट हातात."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाला, मी याला कुठेही पाठवलं नव्हतं."

"कोट मात्र घेतला," मटिल्डा म्हणाली. "हे विसरू नकोस सांगायला. कोट ओळखला. माणूस तेवढा ओळखता आला नाही."

एबेन तीन महिने पायात साखळीचा लोखंडी गोळा घेऊन खंदक खणत होता. मग त्याला पलटणीच्या पटावरून काढले.

मी त्याला नियम सांगितला : त्या माणसाच्या अधिकाऱ्याची सही असलेला मजकूर मिळाल्याशिवाय यादीतला शेरा आम्हाला बदलता येत नाही. अधिकारी एकच होता आणि तो दोनशे पावलांवर बसत असे.

"तुम्ही त्यांना कधी विचारलं?"

"दोनदा. पहिल्यांदा म्हणाला, आठवत नाही. दुसऱ्यांदा तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तेव्हापासून पलीकडूनच जातो. तिकडे चिखल जास्त असतो."

बुधवारी सकाळी नऊ वाजता कर्नल दचकले, आणि मी बसायच्या आधीच एबेन स्ट्रिकलरचे नाव काढले.

कर्नलनी पुन्हा द्यायला घेतलेली किल्ली घड्याळात तशीच ठेवली.

"तो अजून आहे गावात?" त्यांनी विचारले.

"तुमच्या खिडकीतून त्याची पाटी दिसते."

"दिसते खरी." ते खुर्चीत बसले. "लढाईच्या आदल्या दिवशी खाजगी कामाला शिपाई पाठवला, तर कॅप्टनची पट्टी उतरवत असत, हॅस्कल. जनरलनं त्याच आठवड्यात एकाची उतरवली होती. सगळ्या पलटणीसमोर. तो कॅप्टन बत्तीस वर्षांचा होता, घरी बायको होती." मग त्यांना स्वतःचेच बोलणे ऐकू आले असावे. "हे मी सर्वसाधारण सांगतोय. त्या माणसाविषयी मला काही आठवत नाही. प्रतिज्ञापत्र म्हणाल तर मुळीच देणार नाही. वकील आहे मी. यादी यादीच्या जागी राहू द्या. आता लढाई घ्या."

मी लढाई घेतली. तीत कर्नल घोड्यावर होते, मग घोडा पडल्यामुळे पायी होते, मग पुन्हा घोड्यावर होते. मी कुठल्या घोड्यावर ते विचारले नाही. शेवटी ते उठून छायाचित्राखाली उभे राहिले. चित्रात तरुण कॅप्टन टॉलिव्हर सोनेरी खांदेपट्ट्यांच्या समारंभी कोटात होते. बटणे दोन रांगांत, इतकी स्वच्छ की छायाचित्रातही चमकत होती.

"यावरून खोदचित्र करायचं. खाली लिहा : मडी फोर्कला ते जसे होते तसे. याच कोटात मी तुकडी पुढे नेली. लिहा : प्रत्येक शत्रूला आपला नेम चुकू नये म्हणून त्यांनी जणू सोय केली होती."

वाक्य बरे होते. मी ते लिहिले, आणि लेखकाच्या निव्वळ सवयीने एक शंका काढली. मी आजही शपथेवर सांगेन, त्या क्षणी माझ्या मनात सापळा नव्हता.

"कर्नल, ट्रंका तर आठ मैल मागे होत्या ना? तुमच्या तुकडीतल्या दोघांनी आपापल्या चरित्रात तक्रार केलीय, की लढाईच्या रात्री पांघरूणसुद्धा नव्हतं. वाचणारा विचारेल, मग हा कोट कुठून आला?"

खटल्यात भोक पडलेले दिसले की चांगला वकील होतो तसे ते एकदम जागे झाले. डुकराचा खटला सात वर्षे का चालला ते मला तेव्हा कळले.

"आदल्या संध्याकाळी मागवून घेतला होता."

"माणूस पाठवून?"

"अर्थात. कोट स्वतः चालत येत नाही."

"नाव लागेल. मागच्या जिल्ह्यात आम्ही नुसतं 'एक शिपाई' लिहिलं, तर पलटणीतून तीन पत्रं आली, असा कोणी शिपाई नव्हताच म्हणून."

ते खिडकीशी गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, पण ते कोणती पाटी वाचत आहेत ते मला समजत होते. आता ते काय तोलत होते, तेही. पलटणीतला दुसरा कोणीही 'मी नाही बुवा' म्हणाला असता. नाकारणार नाही असा साऱ्या जगात एकच साक्षीदार होता.

"स्ट्रिकलरच लिहा," ते वळून म्हणाले. आवाज कोर्टातला होता. "लिहा : त्यांच्या हुकमाने विश्वासू शिपाई एबेन स्ट्रिकलर रातोरात गिरणीवर गेला आणि पहाटे भर गोळीबारातून कोट घेऊन परतला. चांगलं दिसेल. त्यालाही बरं वाटेल."

"मग यादीतला शेरा?"

"तो सरकारी कागद आहे. हे साहित्य आहे." ते हसले. "चरित्र म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे, हॅस्कल. हा भेद कळला की अर्धा कायदा कळला तुम्हाला. उरलेला अर्धा त्या मेजावर शिकवतो."

गुरुवारी सकाळी मी स्वच्छ प्रत नेली. त्यांनी ती अत्यंत काळजीपूर्वक वाचली. 'निर्भय' च्या जागी 'अविचल' घातले, 'उमदा' दोनदा आला होता त्यातला एक काढून 'भव्य' केला, आणि चष्मा सापडल्यावर प्रत्येक पानाखाली लिहिले : बरोबर आहे, ए. टॉलिव्हर. कोटाच्या पानावरची सही सर्वांत सुबक आली. हात थरथरला नाही.

मी ते पान घेऊन थेट लगामाच्या दुकानात गेलो. चांगली बातमी घेऊन जाणाऱ्याची ऐट माझ्या चालण्यात असावी, कारण मटिल्डा म्हणाली, "हे बघा, आले. काय, मेला का?"

मी वाचून दाखवले. 'भर गोळीबारातून' इथे एबेनने हातातला लगाम खाली ठेवला.

"मी?"

"तुम्ही."

"त्या वेळी मी गिरणीत त्याच्या ट्रंकेवर बसून बिस्किट खात होतो. तोफा ऐकल्या आणि बिस्किट घशात अडकलं."

"घे ना मेल्या!" मटिल्डा म्हणाली. "अठरा वर्षांनी कोणीतरी तुला शूर म्हणतंय. मी तर कधी म्हणणार नाही."

पण तो हसला नाही. "मला शूर नका करू, मिस्टर हॅस्कल. तिसऱ्या दिवशी मला बांधून आणलेलं चाळीस जणांनी पाहिलंय. त्यातले बारा याच जिल्ह्यात आहेत. ते हे वाचून म्हणतील, पळालाही आणि आता खोटंही बोलतो. खरंच पळालो असतो तर निदान एकच ठपका लागला असता."

"तो मजकूर मला बदलता येणार नाही. त्याखाली सही झालीय."

"त्याचा मजकूर त्याला राहू दे. तो म्हणतो मी वेळेवर आलो. मी म्हणतो मी नाही आलो." त्याने कागदावर बोट ठेवले. बोटाला मेण होते, त्याचा डाग 'हुकमाने' या शब्दाच्या बाजूला पडला. "पण त्यानं मला पाठवलं, हे आम्हा दोघांनाही मान्य आहे. माझ्या नावापुढे तेवढंच लिहा. आणि तिसऱ्या दिवशी आलो, हेही लिहा. तो दिवस माझा आहे."

"दोन्ही एकाच पुस्तकात छापलं, तर कोट लढाईनंतर आला हे शाळेतल्या पोरालाही कळेल," मी म्हणालो.

"दोन्ही वाचलं तर," मटिल्डा म्हणाली.

"ते बारा जण वाचतील," एबेन म्हणाला.

हॉटेलच्या खोलीत मेज खिडकीशी होते. मी यादीचे प्रूफ उजवीकडे ठेवले आणि कर्नलचे सहीचे पान डावीकडे. नियम स्पष्ट होता : अधिकाऱ्याच्या सहीचा मजकूर. तो मजकूर चरित्रातला नसावा, असे नियमात कुठे म्हटले नव्हते. एवढा कायदा मला त्या मेजावर न बसताच समजला. मी कर्नलकडे परत जाऊन दोन वाक्यांतला विरोध दाखवायला हवा होता का, हा प्रश्न मला पुढे अनेकांनी विचारला. मी स्वतःलाही तो विचारला आहे. गेलो असतो, तर त्यांनी ते पान परत मागितले असते. फाडले असते असे मी म्हणत नाही. नीट घडी करून खणात ठेवले असते. आणि मला ते कोपऱ्यातले मेज मिळाले असते, अकरा पुस्तकांसह. हिवाळ्यात पायाखाली फुटवॉर्मरही मिळाला असता. कोटाच्या छायाचित्राखाली बसून मी दोन वर्षांत वकील झालो असतो, बहुधा चांगला.

तीन वाजेपर्यंत मी काहीच केले नाही. मग मी 'फरारी' या शब्दावर एक सरळ रेघ ओढली. समासात लिहिले : 'कॅप्टनच्या तोंडी हुकमाने लढाईच्या आदल्या संध्याकाळी रवाना, तिसऱ्या दिवशी परत.' त्याखाली छापखान्यातल्या जुळाऱ्यासाठी : 'आधार, अधिकाऱ्याची सही, पान सोबत.' कर्नलच्या चरित्रातल्या एकाही विशेषणाला मी हात लावला नाही. अविचल, भव्य, सगळे जिथल्या तिथे होते.

मग मी आणखी एक कागद घेतला. 'आदरणीय कर्नल टॉलिव्हर, आपण देऊ केलेल्या जागेबद्दल मी मनापासून आभारी आहे. ती मला स्वीकारता येणार नाही.' कारण लिहायचे म्हणून लेखणी टेकवली, तिथे शाईचा एक ठिपका पडला. कारण पुस्तकात येणारच होते. मी सही केली.

टपाल साडेचारला निघे. मी दोन्ही पाकिटे घेऊन खाली उतरलो, शिकागोचे आधी टपालकचेरीच्या खिडकीत सरकवले आणि त्यावर शिक्का बसलेला पाहिल्यावरच दुसरे दिले.